चातुर्मासात डोंगर चढावा का?

पावसाळ्यात प्रवास करू नये, असा नियम भारतातल्या बहुतेक संन्यासी परंपरांत सापडतो. ऐन पावसाळ्यात चार जणांनी मिळून डोंगराची वाट धरावी, हा लोकाचारही तितकाच घट्ट रुजलेला आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. श्रावणात विहारांमधून वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू असते, जैन मुनी एका गावी मुक्कामाला राहिलेले असतात, आणि त्याच महिन्याच्या पौर्णिमेला माहूरच्या डोंगराला परिक्रमा घालायला लोक चिखल तुडवत निघतात. एकाच ऋतूविषयी धर्म ‘थांब’ म्हणतो आणि ‘चाल’ही म्हणतो. यातले कोणाला काय लागू, हा प्रश्न वरवर पंचांगाचा वाटला तरी मुळात तो नीतीचा आहे.

थांबण्याचा नियम कसा झाला, याची हकिगत विनयपिटकातल्या महावग्गात आहे. सुरुवातीच्या काळात बुद्धाचे भिक्षू बाराही महिने हिंडत. त्यावर लोक कुरकुर करू लागले: हे श्रमण पावसातही फिरतात, कोवळे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात, इतर पंथांचे साधू तरी या दिवसांत एका जागी बसतात, पाखरेसुद्धा झाडावर घरटे करून राहतात. ही तक्रार कानांवर गेल्यावर बुद्धाने वर्षावासाचा नियम घालून दिला. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने भिक्षूने एका ठिकाणी राहावे. ज्याला तेव्हा जमले नाही त्याने एक महिन्यानंतर, म्हणजे श्रावणी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून बसावे. या हकिगतीत एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. नियम सुचवला तो गृहस्थांनी, ज्यांचे पीक आणि कुरण त्या पायांखाली येत होते त्यांनी. संन्याशाला थांबवणारा गृहस्थ स्वतः मात्र थांबला नाही, आणि त्याने थांबावे असे त्याला कोणी सांगितलेही नाही.

जैन परंपरेत हा विचार अधिक काटेकोर आहे. तिथे वनस्पतीही एकेंद्रिय जीव. पाऊस पडला की जमिनीवर इतके जीव उगवतात आणि वळवळतात की पाय ठेवायला निर्दोष जागा उरत नाही. म्हणून आषाढापासून कार्तिकापर्यंत मुनींचा विहार बंद. वैदिक बाजूला गौतमधर्मसूत्रानेही भिक्षूने पावसाळ्यात स्थिर राहावे असे सांगितले आहे. पुढे दंडी संन्याशांनी पक्षालाच महिना धरून चातुर्मास दोन महिन्यांवर आणला. गुरुपौर्णिमेला व्यासपूजा करून बसायचे आणि भाद्रपदी पौर्णिमेला उठायचे. नियम सैल करण्याची ही युक्ती थोडी गमतीची आहे, पण तिच्यातूनही नियमाचे वजन कळते, कारण तो सरळ मोडण्याऐवजी त्यातून हिशेबाने वाट काढावी लागली. टेंबेस्वामी म्हणून ओळखले जाणारे वासुदेवानंद सरस्वती १८९१ मध्ये संन्यास घेतल्यावर १९१४ पर्यंत सारा देश पायी फिरले, पण दर पावसाळ्यात एका जागी बसत राहिले. त्यांच्या चरित्रातला कालक्रम चातुर्मासांच्या गावांवरूनच लावला जातो.

थांबायचे तर जागा हवी. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या खरोसा गावाजवळच्या टेकडीत सहाव्या शतकातली लेणी आहेत. शिव-पार्वती, नरसिंह, कार्तिकेय अशी शिल्पे तिथे आहेत, आणि पहिल्या लेण्यात बसलेली बुद्धमूर्ती आहे. माहूरलाही डोंगरात कोरलेले लेणे आहे. लोक त्याला पांडवलेणे म्हणतात. प्रत्येक लेणे वर्षावासासाठीच कोरले गेले असे मानणे बरोबर नाही. तरी दख्खनच्या पठारावर कोरीव निवाऱ्याची परंपरा वाढली त्यामागे चार महिने कोरडे राहण्याची गरज होती, हे मान्य करायला हरकत नाही. एरवी भटकणाऱ्या माणसाला दगडाचे घर कशाला लागते?

नियमामागचे कारण आजही मराठवाड्याच्या शेतात पाहायला मिळते, फक्त तिथे ते उलटे होऊन भेटते. जुलै २०२२ मध्ये लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची उगवण फस्त केली. दोन पानांवर आलेली रोपे रात्रीतून बुडख्यापाशी कुरतडली जात. सकाळी तासात नुसती देठे उभी. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. कृषी खात्याचा सल्ला होता की ओली पोती बांधावर पसरावीत, त्यांखाली जमलेल्या गोगलगायी सकाळी वेचाव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. ज्या जिवावर पाय पडू नये म्हणून मुनी चार महिने रस्ता सोडतो, तोच जीव शेतकरी बादलीत बुडवून मारतो. दोघेही आपापल्या जागी धर्मानेच वागत असतात. अहिंसा हे सर्वांचे मूल्य असले, तरी तिचा आचार प्रत्येकाच्या आश्रमानुसार आणि पोटापाण्यानुसार वेगळा ठरतो. हे ध्यानात घेतल्याशिवाय पावसातल्या यात्रेचा प्रश्न सुटत नाही.

आता चालणाऱ्यांची बाजू. पंढरीची आषाढी वारी पावसात होते, म्हणून ती चातुर्मासाच्या नियमाविरुद्ध आहे असे वाटू शकते. प्रत्यक्षात ती नियमाच्या उंबरठ्यापर्यंतच जाते. आषाढ शुद्ध एकादशी ही देवशयनी. देव झोपतो त्या दिवशी वारकरी पोचतो आणि पौर्णिमेचा काला करून परततो. कार्तिकी एकादशीला देव उठतो तेव्हा वारकरी पुन्हा येतो. दोन मोठ्या वाऱ्या म्हणजे चातुर्मासाची दोन दारे, आणि मधले चार महिने वारकऱ्यानेही व्रतनेमाचे मानले आहेत. त्यामुळे वारीपाशी खरा पेच पडत नाही. खरा पेच माहूरला पडतो.

माहूर नांदेडपासून सुमारे १३० किलोमीटरवर, जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला आहे. पैनगंगेच्या वळणात सागाचे जंगल, आणि त्यात रेणुका, दत्त आणि अनसूया यांची तीन शिखरे. श्रावणी पौर्णिमेच्या परिक्रमेत ही शिखरे पायांखाली घालायची असतात. तोवर किनवट-माहूरच्या जंगलात पाऊस चांगला मुरलेला असतो. पठारावरची काळी माती चपलेला धरते, दर दहा पावलांना तळव्याखाली चिखलाचा थर चढतो आणि काडीने खरवडावा लागतो. डोंगर लागला की मुरूम आणि खडक; खडकावर शेवाळ, म्हणून चपला हातात घ्यायच्या. नव्या पोरांकडे रेनकोट आणि पाठीवर सॅक असते. म्हातारी माणसे घोंगडीची किंवा पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतात, आणि तिच्यातून पाणी मागच्या मागे निथळून जाते. सामानात भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. उपास असेल तर तेही नाही. वर रेणुकेपाशी कुटलेला तांबूल प्रसाद म्हणून मिळतो; भिजून गारठलेल्या माणसाच्या तोंडात तो पडला की त्याची ऊब आधी जाणवते आणि पावित्र्य नंतर.

ही वेळ शेतकऱ्याच्या सवडीचीही आहे. पेरणी झालेली, कोळपणी-खुरपणीचा मोठा जोर ओसरलेला, मूग-उडदाची काढणी अजून व्हायची आणि पोळा पंधरा दिवसांवर. संन्यासी वर्षभर हिंडतो म्हणून पावसाळ्यात बसतो. शेतकरी वर्षभर जमिनीला बांधलेला असतो, म्हणून पावसाळ्याच्या या फटीत तो उठतो. हे उत्तर सोपे वाटते, पण त्यात तथ्य आहे. थांबण्याचा नियम घर सोडलेल्यासाठी आहे, आणि परिक्रमा घर न सोडता येणाऱ्याची आहे. दोन दिवस छप्पर, चूल आणि कोरडे कपडे सोडून पाहणे हा त्याचा तेवढ्यापुरता संन्यास.

लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या संजीवनी बेटावर लोक वेगळ्या कारणाने जातात. त्या माळावर औषधी वनस्पती विपुल उगवतात, आणि सप्टेंबरातल्या उत्तरा नक्षत्रात त्यांत गुण उतरतो अशी श्रद्धा आहे. इथे पाऊस हा अडथळा नसून निमित्तच आहे. पावसाविना ते बेटही बाकी माळासारखाच एक माळ. बालाघाटच्या या पठाराला पाण्याचे मोल सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या मुलखात उन्हाळ्यात घागरीला पहारा बसतो, तिथे भिजत चालण्याकडे केवळ गैरसोय म्हणून पाहिले जात नाही. आंघोळीनेच यात्रा सुरू करण्याची जुनी रीत इथे आकाशच पार पाडते, असे एखादा भाविक म्हणाला तर त्याला हसू नये.

कष्ट झाल्याशिवाय पुण्य नाही, ही समजूत मात्र तपासून घ्यावी लागते. बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरपर्यंत १९०६ मध्ये आणि लातूरपर्यंत १९११ मध्ये पोचली. तेव्हापासून लातूरच्या माणसाला पंढरीला चालत जाण्याची सक्ती उरली नाही, तरी पायी दिंड्या बंद पडल्या नाहीत. दत्तशिखरापर्यंत आता गाड्या जातात, आणि रेणुकेच्या शिखरासाठी लिफ्ट व स्कायवॉकची योजना हाती घेतली आहे. गुडघे गेलेल्या आजीला लिफ्टने दर्शन घडणार असेल तर तक्रारीला जागा नाही. देव पायऱ्या मोजत असेल असे मानणे हाच देवाचा कमीपणा. पण चालणाऱ्याला चालण्यात जे मिळते ते वर पोचून मिळण्यासारखे नसते, म्हणून सोय झाली तरी तो चालतो. या चालण्याला पुण्याचा भाव लावला की ते मोलमजुरी होऊन बसते.

सोबतीचा प्रश्न याहून अवघड आहे. घोळक्याने डोंगर चढणाऱ्यांना भारतीय परंपरेतला सर्वांत तिखट आक्षेप माहूरच्याच दैवताकडून ऐकून घ्यावा लागतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. हा अवधूत म्हणजे दत्तात्रेय असे परंपरा मानते. त्या गुरूंमध्ये एक कुमारी आहे. घरी पाहुणे आलेले, ती आत धान्य कांडत होती आणि हातातली कांकणे वाजत होती. लाज वाटून तिने ती एकेक करत उतरवली. दोन उरली तरी वाजली, एकच उरले तेव्हा आवाज थांबला. अवधूताने यावरून धडा घेतला की अनेक जमले की कलह होतो, दोघे असले तरी बोलणे होते, म्हणून एकट्याने हिंडावे. एकनाथांनी काशीत १५७३ मध्ये पूर्ण केलेल्या भागवतटीकेत हे प्रकरण मराठीत विस्ताराने आले. गंमत अशी की बौद्ध सुत्तनिपातातल्या खग्गविसाण सुत्तातही एकाच मनगटावर आपटणाऱ्या सोन्याच्या दोन कंकणांचा दाखला आहे आणि निष्कर्षही तोच: गेंड्याच्या शिंगासारखे एकटे चालावे. एकमेकांशी वाद घालणाऱ्या दोन परंपरांनी एकच बांगडी पुरावा म्हणून पुढे केली.

महानुभाव पंथाची साक्षही याच बाजूची. दत्तात्रेयांनी काशीला स्नान करावे, कोल्हापुरात भिक्षा मागावी आणि माहूरला निजावे, असा नित्यक्रम परंपरा सांगते. माहूरचे देवदेवेश्वर मंदिर हे महानुभावांच्या लेखी दत्तात्रेयांचे निद्रास्थान. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी अनुयायांना जो आचार सांगितला त्यात अटन म्हणजे हिंडणे आहे, विजन म्हणजे एकांत आहे, भिक्षा आहे. ओळखीची माणसे, ओळखीचे गाव, ओळखीचे अन्न यांपासून दूर राहून स्मरण करायचे. ज्या डोंगरावर लोक मित्रांचे टोळके घेऊन जातात, त्याच डोंगराशी जोडलेले तत्त्वज्ञान त्यांना सांगते की टोळके घरी ठेवून या.

तरीही हा आक्षेप शेवटचा शब्द ठरत नाही. खग्गविसाण सुत्तातच अशीही तरतूद आहे की समंजस, धीर धरणारा सोबती मिळाला तर त्याच्याबरोबर आनंदाने चालावे. तसा मिळाला नाही तरच एकट्याने. संयुत्तनिकायात बुद्धाचा शिष्य आनंद म्हणतो की चांगली मैत्री म्हणजे अर्धे धर्मजीवन, आणि बुद्ध त्याला दुरुस्त करतो की अर्धे नव्हे, सगळेच. वर्षावासाच्या नियमांत तर याहून सुंदर अपवाद आहे. भिक्षूने गुराख्यांच्या गोठणात किंवा व्यापाऱ्यांच्या तांड्यात वर्षावास धरला असेल आणि ते लोक हलले, तर त्याने त्यांच्याबरोबर हलावे; नियम मोडत नाही. म्हणजे जागा बदलली तरी सोबत सुटता कामा नये. ‘थांबणे’ याचा अर्थ जमिनीला चिकटणे नाही, हे विनयकारांना ठाऊक होते.

भक्तिपरंपरेने सोबतीला तरतुदीच्या जागेवरून उचलून मध्यभागी बसवले. नामदेवांच्या नावावरच्या तीर्थावळीच्या अभंगांत ज्ञानदेव त्यांना तीर्थयात्रेला चल म्हणतात आणि नामदेव आढेवेढे घेतात. विठ्ठल इथेच असताना बाहेर काय पाहायचे? ते जातात ते मित्रासाठी. वाटेत मारवाडात दोघे तहानेने कासावीस होतात तेव्हा ज्ञानदेव योगबळाने खोल विहिरीत उतरून पाणी पितात, आणि नामदेव वरच बसून देवाला हाक मारतात तर विहीर भरून वाहू लागते. दोघांची तहान एकच, उपाय निराळे, आणि कोणी कोणाला आपला उपाय घ्यायला लावत नाही. सहप्रवासाचे यापेक्षा नेमके वर्णन क्वचितच कुठे असेल. नांदेडला ज्या शीख परंपरेचे तख्त आहे तिचे आद्य गुरू नानक यांच्या उदासींत, म्हणजे दूरच्या यात्रांतही, रबाब वाजवणारा मरदाना बरोबर होता. थकणारा आणि भूक लागली की सांगणारा तो सोबती जन्मसाख्यांतून वगळला तर निम्म्या गोष्टी उरणार नाहीत. आणि वारीत तर एकट्याने चालणाऱ्यालाही कोणत्या तरी दिंडीत, विणेकऱ्याच्या मागे, जागा घ्यावी लागते. तिथे अनोळखी माणसाला हाक मारायची ती ‘माउली’ म्हणून.

या दोन मतांचा मेळ कसा घालायचा? बांगडीच्या दाखल्यात दोष बांगड्यांच्या संख्येचा नाही, आवाजाचा आहे. निसरड्या उतारावर पुढच्याने मागच्याला हात देणे, दमलेल्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेणे, सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने सगळ्यांनी चालणे, याला अवधूताने कलह म्हटले नसते. घोळका चढाओढ लावतो, दंगा करतो, वाटेत बाटल्या आणि पाकिटे टाकतो, धबधब्याच्या काठाशी फोटोसाठी एकमेकांना डिवचतो, तेव्हा मात्र कंकण वाजू लागते. इस्लापूरजवळ सहस्रकुंडला पावसाळ्यात पैनगंगा कोसळताना पाहायला जमणाऱ्या गर्दीत दोन्ही प्रकारची माणसे दिसतात. देवदर्शनाला निघालेला जथा पहिल्या प्रकारचा आणि सहलीला आलेली कॉलेजची पोरे दुसऱ्या प्रकारची, अशी सरळ वाटणी तिथेही करता येत नाही.

महाभारताच्या वनपर्वात पांडव तीर्थयात्रेला निघतात तेव्हा लोमश ऋषी युधिष्ठिराला पहिला सल्ला देतात तो हलके होण्याचा. हलका माणूस मोकळेपणी जातो. युधिष्ठिर मग भूक, थकवा, थंडी सोसू न शकणाऱ्यांना आणि गोडधोडाच्या आशेने आलेल्यांना परत पाठवतो. त्याआधीच्या अध्यायांत तीर्थाचे फळ कोणाला, हेही सांगितले आहे: ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत त्याला. देवाचे नाव घेणे ही अट तिथे पहिली येत नाही. त्यामुळे सॅक पाठीवर टाकून, कोणताही नवस न बोलता, मित्रांबरोबर बालाघाटचा माळ किंवा माहूरचे जंगल तुडवणाऱ्याला यात्रेकरू म्हणायचे की नाही, हे त्याच्या श्रद्धेवरून ठरवण्याचे कारण नाही. त्याचे पाय कशावर पडतात, हात काय तोडतात आणि मागे काय टाकतात, त्यावरून ते ठरते. महावग्गातली जुनी तक्रार त्याला अजून लागू आहे. उभ्या पिकातून आडवाट काढणारा भाविक असला तरी ती चूकच आहे.

आणि जो चालूच शकत नाही त्याचे काय? याचेही उत्तर गोदावरीकाठच्या एका कथेत आहे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण अस्सक देशात गोदावरीच्या तीरावर राहतो. अस्सकांची राजधानी म्हणजे नांदेडच्या शेजारचे बोधन, असे बरेच अभ्यासक मानतात. अर्धापूर तालुक्यात दाभडच्या महाविहाराचे बावरीनगर हे नाव या ब्राह्मणाचीच आठवण ठेवते. बावरीने आपले सोळा शिष्य बुद्धाकडे प्रश्न घेऊन पायी पाठवले. वाटेतली गावे क्रमाने दिली आहेत: आधी प्रतिष्ठान म्हणजे पैठण, मग महिष्मती, उज्जैनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, आणि शेवटी मगध. सोळा जणांनी मिळून केलेला हा प्रवास दख्खनमधल्या सहयात्रेच्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक आहे. बावरी स्वतः गेला नाही; त्याचे वय १२० सांगितले आहे. सोळांपैकी पिंगिय हाही म्हातारा होता. परत येऊन तो बावरीला सारा वृत्तांत सांगतो, तेव्हा बावरी विचारतो की अशा गुरूपासून तू दूर राहतोसच कसा. पिंगिय सांगतो की शरीर थकले आहे, ते तिकडे जाऊ शकत नाही, पण मन रात्रंदिवस तिथेच असते. पारायणवग्ग या संवादावर संपतो, आणि पिंगियाला त्यासाठी कोणी उणे ठरवत नाही.